अक्रोडावरचा कागद

गहू अर्धाच निवडून झाला होता. टेबलावर एका बाजूला निवडलेल्याचा ढीग, दुसऱ्या बाजूला राहिलेल्याचा, मध्ये बशीत खडे आणि कुसळे. शनिवारी स्तोयनाच्या मुलाला, ल्युबेनला जाऊन वर्ष होणार होते. गहू उकडून, साखर-अक्रोड घालून चर्चमध्ये न्यायचा, पाद्रीबाबांकडून मंत्रून घ्यायचा आणि चमचा-चमचा वाटायचा. त्यात एकही खडा दाताखाली येता कामा नये, म्हणून स्तोयना एकेक दाणा बोटाने सरकवत होती. तेवढ्यात दार वाजले.

"मावशी, आहेस का?"

वेंत्सी होता. ल्युबेनच्या वर्गातला, आता नगरपालिकेचा चिटणीस.

"ये. पाय पूस आधी. कालच फरशी धुतलीय."

"नगराध्यक्षबाईंचा निरोप आहे."

"बरा निरोप असता तर बाई स्वतः आल्या असत्या. बोल."

वेंत्सी खुर्चीच्या टोकावर टेकला. "रविवारी गावाला शंभर वर्षं होतायत. सोफियाहून पाहुणे, टीव्हीवाले, स्पेन-जर्मनीत गेलेली आपली माणसं, सगळी येणार. आणि चौकात जिकडे बघावं तिकडे मेलेल्यांची तोंडं. बाई म्हणतात, गावाचा वाढदिवस आहे की मयताचा चाळिसावा? चौकातले दुखवट्याचे कागद तेवढे काढून टाक."

"हातानं?"

"मग कशानं?"

"अरे, ते हातानं नाही काढत आपल्याकडे. ऊन काढतं, पाऊस काढतो."

"ऑगस्टात पाऊस कुठून आणू? वर अर्ज करू का?"

स्तोयनाला हसू आले नाही. तिने आणखी चार दाणे सरकवले. मग विचारले, "अक्रोडाच्या बुंध्यावरचा राहील का?"

कुणाचा, हे वेंत्सीने विचारले नाही.

"कालोयान येणार आहे ना रविवारी," ती म्हणाली. "त्याचा पत्ता कुणाकडेच नव्हता, त्याला कुणी कळवलेलं नाही. बसमधून उतरला की समोर अक्रोडच येतो. त्याला कागदावरनं कळू दे. माझ्या तोंडून नको रे."

वेंत्सी खुर्चीवरून उठला. "राहू दे. एक राहिला तर कोण मोजतंय? बाईंना मी सांगतो."

ब्रेझोवित्सा गावात माणूस गेला की त्याचा फोटो, नाव आणि दोन ओळी छापलेला दुखवट्याचा कागद लागतो. घराच्या दारावर, चर्चच्या फाटकावर, बेकरीच्या भिंतीवर, चौकातल्या अक्रोडाच्या बुंध्यावर. पुन्हा चाळिसाव्या दिवशी, सहा महिन्यांनी, दर वर्षी. हे कागद गेली अठरा वर्षे स्तोयना डकवत आली होती. त्याआधी एकतीस वर्षे ती गावच्या सूतगिरणीत होती. गिरणी बंद पडली त्याच वर्षी तिचा नवरा गेला. त्याचे कागद तिने स्वतः डकवले, ते इतके सरळ आणि एकाही फुग्याशिवाय, की मयताचे सामान विकणाऱ्या दुकानदाराने तिला विचारले, आमच्याही लोकांचे करशील का? घरी कणकेची खळ शिजवायची, डबा आणि कुंचा घेऊन निघायचे, कागद लावला की तळहाताने पुसून क्रूस करायचा आणि म्हणायचे, देव त्याला क्षमा करो. पालिकेने शंभर वर्षांचा इतिहास छापून घेतला होता, त्यात रेल्वे कधी आली आणि गिरणी कधी निघाली ते होते. पण कुणानंतर कोण गेले आणि कुठल्या घराचे दार कायमचे लागले, हे विचारायला लोक स्तोयनाकडेच येत.

ल्युबेन गावची बस चालवायचा. बावन्नाव्या वर्षी डेपोतच, स्टिअरिंग हातात असताना छातीत कळ येऊन गेला. स्तोयनाने त्याचा फोटो छापखान्यात नेऊन गल्ल्यावर ठेवला. छापखानेवाल्याने फोटो पाहिला, तिच्याकडे पाहिले आणि काही न विचारता यंत्र सुरू केले. चाळीस कागद तिने एकाच सकाळी डकवले. लोक वाचत आणि आपणहून जवळ येत. सबंध वर्षात 'माझा मुलगा गेला' असे तिला एकदाही कुणाला सांगावे लागले नव्हते. कागद सांगत होता.

आणि कालोयान? त्याचा बाप पिऊन पडायचा, म्हणून पोर स्तोयनाकडेच जेवे, ल्युबेनशेजारी एकाच गादीवर झोपे. अकरा वर्षांपूर्वी स्पेनला गेला. सुरुवातीला फोन यायचे, मग तेही थांबले. आता गावच्या शंभरीला येतो म्हणून त्याने पालिकेला कळवले होते.

गुरुवारी दुपारपासून स्तोयना कोमट पाणी आणि नवऱ्याची जुनी पत्र्याची पट्टी घेऊन चौकात उभी राहिली. वरचा कागद सुटला की खाली दुसरा, त्याखाली तिसरा. काही तोंडे तिने पंधरा वर्षांनी पाहिली. तिने क्षमा मागितली, एकेकाचे नाव घेऊन. भिजलेले कागद अख्खे निघत नव्हते, लगदा होऊन बादलीत पडत होते. शुक्रवारी उपास, मांस-दूध वर्ज्य, म्हणून तिने चौकातल्या झऱ्याच्या कठड्यावर बसून पाव आणि ऑलिव्ह खाल्ले आणि पुन्हा पट्टी हातात घेतली. गिरणीतल्या नेदाच्या नवऱ्याचा, पेत्कोचा कागद बेकरीच्या भिंतीवर होता, लावून दोनच आठवडे झालेले. स्तोयनाचा हात जरा थांबला. मग तोही निघाला. संध्याकाळी चौक धुतल्यासारखा स्वच्छ झाला. अक्रोडावर फक्त ल्युबेन राहिला, टोपी किंचित तिरकी घातलेला.

शनिवारी प्रार्थना झाल्यावर बायका फाटकाशी ओळीने उभ्या राहिल्या. स्तोयना गहू वाटत गेली. शेवटी नेदा. गिरणीत एकतीस वर्षे दोघींची यंत्रे शेजारी-शेजारी होती. नेदाने चमचा घेतला, खाल्ला.

"ल्युबेनसाठी खाल्ला. तुझ्यासाठी नाही. देव त्याला क्षमा करो."

"काय झालं, नेदा?"

"माझ्या पेत्कोला बादलीत घातलंस."

"पालिकेनं सांगितलं गं."

"आणि ल्युबेनला काय सांगितलं पालिकेनं? तू बस बाबा झाडावर, सणाला? तुझाच पोरगा तेवढा मेला, होय? आमची माणसं काय सहलीला गेलीत?"

बाकीच्या बायका आपापल्या मेणबत्त्यांकडे बघू लागल्या. स्तोयनाला सांगता आले असते, कालोयान येतोय म्हणून. पण कालोयानसारखे कुणीतरी प्रत्येकीकडेच येणार होते. हे तिला कळले, तिथेच, रिकामे भांडे हातात धरून.

ती तशीच चौकात गेली. पट्टी नव्हती, पाणी नव्हते. डोक्याचा रुमाल सोडून तिने झऱ्यात भिजवला आणि कागदावर दाबून धरला, ताप आलेल्याच्या कपाळावर धरतात तसा. खळ तिचीच, चांगली चिकट शिजवलेली. कागद सुटेना. नखाने कड उचलली तर तो मधोमध फाटला. हनुवटी हातात आली, टोपी आणि एक डोळा बुंध्यावर राहिला. तोही तिने खरवडला. तळहाताने बुंधा पुसला. क्रूस केला. नेहमीचे शब्द मात्र तोंडातून निघाले नाहीत.

रविवारी कढयांत मटण शिजत होते, बँड वाजत होता. नगराध्यक्षबाई माइकवर म्हणाल्या, "हे गाव इथल्या माणसांनी उभं केलं." टाळ्या पडल्या. अक्रोडाला रंगीत फिती गुंडाळल्या होत्या. स्तोयना काळ्या कपड्यांत, नाचाच्या फेऱ्यापासून लांब, बसथांब्यावर उभी होती.

कालोयान उतरला तो तिला बघूनच धावला. केस गेलेले, पोट सुटलेले. "स्तोयनामाय!" म्हणत त्याने तिला जवळजवळ उचललेच. मग पिशवीतून एक टोपी काढली, चालक घालतात तशी, नवी कोरी. "हे ल्युबेनला. त्याची ती जुनी मळकी टोपी आधी जाळ. कुठाय तो? अजून लोळतोय? शंभर वर्षांत एकदा तरी वेळेवर ये म्हणावं!"

स्तोयनाने अक्रोडाकडे पाहिले. कालोयाननेही वळून पाहिले. तिथे फिती होत्या.

"ल्युबेन गेला," ती म्हणाली.

बँडच्या गजरात त्याला ऐकू गेले नाही. "कुठं गेला?" तो हसत, कान पुढे करून ओरडला.

तिने त्याची बाही धरली, त्याला खाली वाकवले आणि पुन्हा सांगितले, सगळे, आवाज चढवून. "मेला रे बाळा. माझा ल्युबेन मेला. काल वर्ष झालं."

कालोयान झऱ्याच्या कठड्यावर मटकन बसला. टोपी मांडीवर ठेवून तो पोरासारखा रडू लागला, आणि स्तोयना त्याच्या टकलावर हात फिरवत उभी राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हते. कुणीतरी बाजूला येऊन उभे राहिले. नेदा होती. तिने मटणाची वाटी कठड्यावर ठेवली आणि निघून गेली.

सोमवारी सकाळी चौकात फिती लोंबत होत्या आणि कागदी पेले वाऱ्यावर फिरत होते. स्तोयनाने देवापुढे दिवा लावला, कणीक चाळली, खळ शिजवून निवत ठेवली. ल्युबेनचा फोटो तिने पिशवीत घातला. छापखाना नऊला उघडतो. त्याआधी नेदाच्या दारात जायचे होते, पेत्कोचा फोटो मागायला.