आलेल्या क्रमाने

समाजमाध्यमावर मी खाते उघडले ते वयाच्या बावन्नाव्या वर्षी, आणि तेही शाळेच्या सूचना तिथेच येऊ लागल्या म्हणून. पहिल्याच आठवड्यात सात जणांच्या फ्रेंड रिक्वेस्ट आल्या. सिल्वासाच्या आमच्या शाळेत सहकाऱ्यांच्या रजेचे अर्ज नोंदवण्याचे काम अनेक वर्षे माझ्याकडे आहे. तिथे नियम एकच: अर्ज आलेल्या क्रमाने घ्यायचे. इथेही तोच नियम पाळणे मला सभ्यपणाचे वाटले.

सर्वांत आधीची रिक्वेस्ट मुख्याध्यापकांची होती. स्वीकारावी, तर घरचे फोटो वरिष्ठांपुढे उघडे पडणार. नाकारावी, तर उद्धटपणा ठरणार. माझा निर्णय होईना, म्हणून मागच्या सहाही तशाच थांबल्या.

पाचव्या क्रमांकावर विज्ञान शिकवणारे सहकारी होते. धुळ्याकडचे, माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान. शाळा सुटल्यावर ते मला स्कूटरवरून घरापर्यंत सोडत. एरवी दिवसभरात बोलत नसे इतके मी त्या दहा मिनिटांत बोलत असे. या गावात मित्र म्हणावे असे ते एकटेच.

महिनाभराने स्टाफरूममध्ये सगळ्यांदेखत त्यांनी विचारले, "काय हो सर, आमचा नंबर कधी लागणार?"

"तुमच्या आधी चार जण आहेत," मी खरे तेच सांगितले.

हशा पिकला. गुजराती शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "अरे बापरे, मैत्रीलाही टोकन?"

ते हसले नाहीत. "राहू द्या ना सर मग," एवढेच म्हणाले.

त्या दिवशी त्यांना बाजारात काम निघाले. दुसऱ्या दिवशीही निघाले. तिसऱ्या दिवशी मी आपणहून रिक्षा केली.

नियम मोडायचे ठरवून मी यादी उघडली, तेव्हा त्यांचे नाव तिथे नव्हते. त्यांनी रिक्वेस्ट मागे घेतली होती. आता ती मलाच पाठवावी लागणार होती, आणि मी आयुष्यात कुणाकडे मैत्री मागितलेली नव्हती. चार दिवसांनी, मधल्या सुट्टीत, मी एकदाचे बटण दाबले. मिनिटभरात त्यांनी ती स्वीकारली. समोरच्याच खुर्चीवर बसून, मान वर न करता.

रविवारी ते मुलांना घेऊन दुधनीच्या तलावावर फिरायला गेले की मला आता कळते. प्रत्येक फोटोला मी अंगठा देतो. शाळा सुटल्यावर ते "येतो सर" म्हणतात, मी "या" म्हणतो. स्कूटरची मागची सीट रिकामीच जाते. मला सोडता का, असे विचारणे अजून जमलेले नाही.