ठेकेदाराच्या छातीवर राणीचा बिल्ला

नोकरी सोडून इतकी वर्षं झाली, तरी कल्याणात कुठल्याही लग्नाच्या पंक्तीत बसलो की मागचा भात येईपर्यंत कोणीतरी विचारतंच, "अहो, तो बिल्ल्याचा किस्सा सांगा ना!" मी विचारतो, "कुठला?" कारण बिल्ला एक, पण किस्से ढीगभर. मी मुद्दाम एकही जमवलेला नाही. ऑफिसात चार माणसं असली आणि त्यात एक साहेब असला, की किस्से आपोआप साठतात. तर घ्या, ऐका!

* * *

मी तेव्हा कल्याणला रेल्वेच्या इंजिनिअर साहेबाच्या ऑफिसात कारकून होतो. विलायतेतल्या राणीच्या राज्याला पन्नास वर्षं झाली म्हणून सगळीकडे कमानी, पताका, साखरवाटप चाललेलं. आमच्या साहेबाचं तेवढ्याने समाधान होईना. त्याने मुंबईहून पेटीभर पितळी बिल्ले मागवले. एका अंगाला राणीचं तोंड, वर तांबडी फीत, फितीमागे टाचणी. हुकूम सुटला, महिनाभर बिल्ला डाव्या छातीवर!

आमचे हेडक्लार्क राघोपंत. नाकासमोर चालणारा माणूस. ते भीत भीत म्हणाले, "साहेब, नोकर लोक लावतील. पण ठेकेदार?"

साहेब गरजला, "ऑल मेन! बिल्ला नाही, तर फाटकाच्या आत पाऊल नाही!"

राघोपंत बाहेर येऊन खुर्चीत बसले आणि मला हळूच म्हणाले, "आपली छाती पगारात आली, हे समजलं. ठेकेदाराची कशात आली रे?"

तो प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. महिनाभर मी ज्याला त्याला तेच विचारत सुटलो.

* * *

पहिली पंचाईत खडीवाल्यांची. ठाकुर्लीच्या खाणीतून खडी यायची. ठेकेदार हिरू पाटील, तिकडचाच आगरी. उंचापुरा, बोलणं थोडं. त्याची माणसं रांगेत उभी केली आणि बिल्ले वाटायला घेतले, तेव्हा कुठे आमच्या लक्षात आलं की एकाच्याही अंगात कपडा नाही. कमरेला लंगोटी, बाकी उघडं अंग!

साहेब म्हणाला, "लेफ्ट साइड. छातीवर."

हिरूने टाचणी उलटसुलट करून बघितली. मग बिल्ला साहेबापुढे धरून म्हणाला, "सायेब, आदी एकाला तुमीच टोचून दावा!"

शेवटी सुतळीत ओवून बिल्ले गळ्यात बांधले. साहेब म्हणाला, चालेल.

* * *

चाललं दोन-तीन दिवस. मग बघतो तर सगळ्यांचे गळे मोकळे! साहेब भडकला. मला घेऊन थेट त्यांच्या वाडीवर गेला. पहिल्याच घरात डोकावलो, तर देव्हाऱ्यात खंडोबाच्या टाकाशेजारी राणी! कपाळाला हळदकुंकू, पुढे तांदळाचे दाणे, वर एक झेंडूचं फूल.

घरातल्या म्हातारीला मी विचारलं, "आजी, हा गळ्यात का नाही?"

ती माझ्यावरच डाफरली, "देवाला कोन गल्यान घालून दगर फोरतं का रं?"

मी साहेबाला इंग्रजीत सांगितलं. त्याने टोपी काढली. पुन्हा घातली. पुन्हा काढली. देव्हाऱ्यापुढे नक्की काय करायचं, ते त्या माणसाला शेवटपर्यंत कळलं नाही!

* * *

बंदरावरचे कासमशेठ आम्हांला सागवान पुरवायचे. पांढरा स्वच्छ अंगरखा, दाढीला मेंदी, बोलणं अत्तरासारखं. ते राघोपंतांना बाजूला घेऊन म्हणाले, "पंत, हुकूम डोक्यावर. पण तसबीर छातीवर घेऊन माझा नमाज होणार नाही. पाच वेळा काढू, पाच वेळा लावू, तर अंगरख्याची चाळण होईल."

राघोपंतांनी पुष्कळ विचार केला आणि कधी नव्हे तो धीर केला. म्हणाले, "शेठ, उलटा लावा."

दुसऱ्या दिवशी शेठच्या छातीवर कोरं पितळ. साहेबाची नजर नेमकी तिथेच! "राणीचं तोंड आत का?"

राघोपंत माझ्या पाठीमागे सरकले. कासमशेठनी मात्र छातीवर हात ठेवला, लवून सलाम केला आणि म्हणाले, "हुजूर, दिल की तरफ मुँह है!"

साहेब इतका खूश झाला की त्याने स्वतःचाही बिल्ला उलटा करून बघितला.

* * *

एक प्रकरण मात्र हसण्यावारी न्यावं असं नव्हतं. यमुनाकाकू. विधवा बाई, ऑफिसच्या दुपारच्या जेवणाचा ठेका त्यांच्याकडे. पदरी दोन मुली. राघोपंतांनी त्यांच्यासाठी वाट काढलेली, "हुकूम 'ऑल मेन'चा आहे. बाई त्यात येत नाहीत." पण साहेब म्हणाला, ठेकेदार तो ठेकेदार.

काकू दारातच उभ्या राहिल्या. डोक्यावरचा लाल आलवणाचा पदर सावरला आणि खाली बघतच मला म्हणाल्या, "साहेबाला सांग बाळा, मी लावते. पण उद्या गाव म्हणेल, ही चकचकीत दागिना मिरवीत स्टेशनात जाते. मग माझ्या हातचं कोणी जेवायचं नाही. रोज पंधरा पानांचा स्वयंपाक होतो. साहेब एकटा जेवणार आहे का?"

मी सांगितलं. साहेबाने काकूंकडे पाहिलं, पातेल्याकडे पाहिलं. काकूंच्या आमटीचा वास चार घरं पलीकडे जायचा, आणि साहेबाने ती एकदा चाखलेली; तिखटाने डोळ्यांतून पाणी आलेलं. तो घाईघाईने म्हणाला, "नो, नो. भांड्याला लावा!"

महिनाभर राणी आमटीच्या पातेल्यावर होती. आमटी वाढताना काकू तिच्यावर फडकं टाकायच्या. मी विचारलं, "हे कशाला?" तर म्हणाल्या, "अरे, तिचाही नवरा गेलाय ना? इतक्या पुरुषांत उघड्या तोंडाने बसवायची का तिला?"

* * *

आता हिरू पाटलाचं.

त्याच्या माणसांनी बिल्ले बांधले, पण तो स्वतः काही लावेना. साहेबाने विचारलं, तेव्हा एवढंच म्हणाला, "मी खडी इकली. छाती नाय इकली."

फाटक बंद झालं. खडीच्या गाड्या बाहेर उभ्या. तिकडे त्याच्या माणसांच्या चुली विझायची वेळ आली, आणि इकडे रुळाखाली घालायला खडी नाही आणि वरचा साहेब पाहणीला येणार! दोघंही अडकले आणि दोघंही हटेनात.

शेवटी साहेबच ट्रॉलीवर बसला, मला बरोबर घेतलं आणि ठाकुर्लीची खाण गाठली. हिरू दगडावर बसलेला. उठून त्याने रामराम केला. साहेब मला म्हणाला, "विचार त्याला, राणीने त्याचं काय वाकडं केलं?"

"काय नाय," हिरू म्हणाला. "बाय जगो आनखी पन्नास वर्सं." मग त्याने मनगट पुढे केलं. मनगटाला करड्या दोरीचा तुकडा बांधलेला. सुरुंगाची वात, दारू झाडून टाकलेली. "गेल्या साली सुरुंग फुटला, माजा धाकला भाव कान्हा गेला. खानीवरच्या सगल्यांनी ही वात बांधली. मी कोनाला सांगतली नाय. सांगून बांधली, त ती आठवन कशी?"

मी इंग्रजी करून सांगितलं. साहेबाने खाणीच्या खोल भागाकडे पाहिलं. मग मला म्हणाला, "कान्हा म्हणजे तो शीळ घालणारा?"

मी चकित झालो. तो शीळ घालायचा हे आमच्या ऑफिसात मलाही ठाऊक नव्हतं!

हिरूने मान हलवली. साहेबाने कफाचं बटण काढलं आणि हात पुढे केला.  हिरूने दगडावरच्या वेटोळ्यातून वातीचा नवा तुकडा तोडला, चोळून दारू झाडली आणि साहेबाच्या मनगटाला गाठ मारली.

"किती दिवस ठेवायचा?" साहेबाने विचारलं.

"ता तुमचा तुमी ठरवा."

दुसऱ्या दिवशी फाटक उघडलं. ठेकेदारांनी बिल्ला मर्जी असेल तर लावावा, असा नवा हुकूम निघाला. हिरूने तो शेवटपर्यंत लावला नाही.

पुढे बऱ्याच वर्षांनी साहेब कायमचा विलायतेला निघाला. निरोपाला आम्ही सगळे स्टेशनावर गेलेलो. हार घालून घेताना त्याने हात वर केले, बाही मागे सरकली, आणि मला मनगटावर करडी वात दिसली. मी हिरूला कोपराने ढोसलं, "बघ, अजून तीच आहे!"

हिरूने डोळे बारीक करून पाहिलं. गाडी हलली, साहेबाने खिडकीतून हात केला, गाडी पत्रीपुलाकडे वळून दिसेनाशी झाली, तरी हा तिकडेच बघत उभा. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, "वात आमचेच खानीची हाय, नवी हाय. पन गाठ माजी नाय."