चिखलात न बुडणारी सहावी

वीर मरत नाहीत. युगाला गरज पडली की ते परत येतात. आमचे वीर मागच्या पावसाळ्यानंतर सीवूड्सच्या मॉलमध्ये परत आले, दुसऱ्या मजल्यावर, चपलांच्या सेलच्या शेजारी.

लहानपणी सारसोळ्यात, आमच्या खाडीकाठच्या गावात, आम्ही भावंडांनी त्यांचं कॉमिक पानं सुटेपर्यंत वाचलं होतं. आता तेच जाड पुठ्ठ्यात, सोनेरी अक्षरांत निघालं होतं. प्रस्तावना पहिल्या गोष्टीपेक्षा लांब होती. प्रकाशनाला मी ताईला घेऊन गेलो, कारण त्या टोळीतली सहावी ती होती.

म्हणजे खेळात. कॉमिकमधले वीर सहा, आम्ही पाच चुलत भाऊ. एकाने आग घेतली, एकाने वारा. एक पाणी अडवायचा, एक उडायचा, मी जमीन दुभंगायचो. उरलेली सहावी ताईला मिळाली. तिची शक्ती एवढीच, की ती चिखलात बुडायची नाही. ती शक्ती कुणालाच नको होती.

एका ओहोटीला मी जमीन दुभंगायला खाडीत उतरलो आणि कमरेपर्यंत रुतलो. चार वीर काठावरून मला धीर देत होते. ताई होडीतली फळी टाकून तिच्यावर पोटाने सरकत आली. "नाचू नको. मागं आडवा हो," म्हणाली आणि मला ओढून काढलं. माझी चप्पल अजून तिथेच असेल. आमच्या सगळ्यांत खरी चाललेली शक्ती ती एकच.

तर प्रकाशन. प्रमुख पाहुणे म्हणाले, "हे पाच वीर म्हणजे आपली पंचमहाभूतं." टाळ्या पडल्या. मी पानं उलटली. सहावी कुठेच नव्हती. टोळीच्या चित्रात ती उभी असायची तिथे ढग काढला होता. माती एकाला आणि पाणी दुसऱ्याला दिल्यावर चिखलाची सोय राहिली नसावी.

प्रश्नांच्या वेळी मी उठलो. "सहावी कुठे गेली?"

संपादक समजुतीने हसले. "सर, टीम पाचचीच होती. लहानपणीच्या आठवणी अशा मिक्स होतात."

"पंचमहाभूतं तुम्ही आत्ता आणलीत. तेव्हा नुसती मारामारी होती."

लोक हसले. संपादकांनी माइक पुढच्या माणसाला द्यायची खूण केली. मी दिला नाही. मला त्या पुस्तकात जमीन दुभंगणारा नसता तरी चाललं असतं. जिने मला बाहेर काढलं ती नव्हतीच, हे मात्र मी ऐकून घेणार नव्हतो.

माझी ओढाताण चालू असताना ताई सरळ स्टेजवर गेली. पिशवीतून तिने जुना अंक काढला. आईने तो सुक्या बोंबलांच्या डब्यात तळाला घातला होता, म्हणून तो एकटाच टिकला. पहिल्या रांगेतल्या बाईंनी नाकाला पदर लावला.

"मंग ही कोन हाय?" ताईने पान उघडून टेबलावर ठेवलं. पाच वीर गळ्यापर्यंत रुतलेले आणि सहावी त्यांना ओढतेय.

"ही नंतर कुणीतरी काढली असेल," संपादक म्हणाले.

"छापलेली हाय रं बाबा. वास घे, आयेच्या डब्यातली हाय."

त्यांनी वास घेतला नाही. पान मात्र नीट पाहिलं. मग आवाज उतरवून म्हणाले, "मॅडम, अंक आमच्याकडे ठेवा. स्कॅन करून पाठवतो."

"अंक नाय भेटनार. फोटू काढ. आनि तिला परत घे."

"पण कुठल्या तत्त्वात घ्यायची? पाचच आहेत."

"ते तुजं टेन्शन," ताई म्हणाली आणि फोटो निघेपर्यंत अंकावरचा हात काढला नाही.

दुसऱ्या आवृत्तीत सहावी परत आली. ढग गेला. ते अख्खं पान आमच्या अंकाच्या फोटोवरून रंगवून छापलंय. ताईने ते बराच वेळ पाहिलं आणि चष्मा काढून ठेवला. पानाच्या वरच्या कोपऱ्यात आता पिवळा चंद्र आहे. नव्या प्रस्तावनेत त्याच्या शीतलतेवर एक परिच्छेद आहे.

मूळ अंकात ती गोष्ट भरदुपारी घडते. तो बोंबलाचा डाग आहे.