बॅटरीवरचं ताट

माणसाच्या प्रगतीचा इतिहास म्हणजे त्यानं पाण्यावर मिळवलेल्या विजयांचा इतिहास. आमच्या घराण्याचा विजय धरणाच्या पाण्यापलीकडे उरलेल्या दीड एकरापुरता होता. वडील तिथं रोज होडीनं जात. पुढं खांदा धरला, वल्हं मारवेना, शेतही सोडवेना. पोहता तर त्यांना कधीच येत नव्हतं. म्हणून मी होडीला बॅटरीवर चालणारी छोटी मोटर आणली.

तिच्या दोन्ही बॅटऱ्या मी मागे, मोटरीला चिकटून ठेवल्या. वायर कमी लागते, हा माझा शास्त्रीय विचार. ट्रॅक्टरच्या बॅटऱ्या दुरुस्त करणारे एक गृहस्थ गडहिंग्लजहून जोडणी बघायला आले.

"पावणं, सगळं वजन मागं? म्हाताऱ्यास्नी आभाळ बघत न्यायचं हाय व्हय? आन् सुट्ट्या ठेवलाय. होडी कलली की ब्याटऱ्या त्यांच्या मांडीवर!"

त्यांनी होडीच्या मधोमध, तळाशी लाकडी पेटी स्क्रूनं पक्की केली. बॅटऱ्या त्यात ठेवून ट्रकच्या पट्ट्यांनी आवळल्या. वायू साचू नये म्हणून पेटीला भोकं पाडली. शेवटी टर्मिनलवर सायकलच्या ट्यूबचे तुकडे चढवले.

"झाकण आहे की वर," मी म्हणालो. "ट्यूब बरी दिसत नाही."

"तिला बघाय पावणं येणार हायत व्हय?"

पाहुणे आले. होडीत सपाट जागा तेवढीच, म्हणून आईनं पूजेचं स्टीलचं ताट पेटीच्या झाकणावर ठेवलं. उद्घाटनाला बोलावलेले सोसायटीचे चेअरमन जलवाहतुकीच्या नव्या पर्वावर बोलले आणि त्यांनी नारळ त्याच झाकणावर आपटला. नारळ शाबूत राहिला, फळी फुटली. ताट घसरून एका बॅटरीच्या दोन्ही टर्मिनलांवर आडवं पडलं. वडील पेटीला गुडघा लावून बसले होते. टर्मिनल उघडी असती तर आगीचा लोळ त्यांच्या तोंडावर आला असता, हे त्या गर्दीत गृहस्थांना आणि मलाच ठाऊक होतं.

ठिणगीसुद्धा उडाली नाही. ट्यूबवर कुंकू सांडलं, एवढंच. गृहस्थांनी ताट उचलून आईच्या हातात दिलं. "काकी, आरती काठावरनं करा की."

त्यांचे आभार तेव्हा मानायचे राहिले, ते इथं मानतो. वडील त्या दिवशी पलीकडे धडधाकट आणि कोरडे पोचले, आणि पुढं सात वर्षं तसेच पोचत राहिले.

वल्ह्यानं पंधरा मिनिटं लागायची. मोटरीनं बावीस लागत.