मी सुट्टी सांगितली होती

साहेबांनी माझा अर्ज दोन बोटांत धरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा वाचला. नारायणगावजवळच्या एका कोल्ड स्टोरेजचं ऑफिस. हमाल, ड्रायव्हर, माल घेऊन आलेले बागायतदार, सगळे उभे.

"आय इन्फॉर्म यू. ऐकलंत का? बाई मला इन्फॉर्म करतायत. अहो बाई, इन्फॉर्म साहेब करतो. तुम्ही रिक्वेस्ट करायची. तुमच्या आहुपे गावात एवढंही शिकवत नाहीत?"

"डोंगरात कुणाला इचारायचं राव, बिबट्याला?" एक बागायतदार म्हणाला.

हशा.

स्टोअर मी सांभाळायचे. कुठली खोली कधी उघडायची, कुणाचा माल आधी काढायचा, सगळं माझ्याकडे. इंग्रजी अर्ज मात्र जुना बघून लिहिलेला. मला दोन्ही शब्द सारखेच वाटायचे, अर्जाच्या सुरुवातीला येणारे. आमच्यात सुट्टी सांगतात. विचारत नाहीत.

या सुट्टीचं काम तर टाळता येण्यासारखं नव्हतंच. आमच्याकडे पडकई असते. एकमेकांची भातखाचरं बांधायला पाळीपाळीनं राबायचं. मजुरी नाही. घरटी एक माणूस. आईच्या खाचराचा फुटलेला बांध गावानं येऊन घातला होता. आता ठकूमावशीची पाळी. आईचे गुडघे गेलेत. मी गेले नसते तर आईच्या बांधावर पुन्हा कुणी आलं नसतं.

मी तिथंच दुसरा अर्ज लिहिला. आय रिक्वेस्ट यू.

"आता कसं. सुट्टी मिळणार नाही," साहेब म्हणाले.

तेव्हा फरक कळला. विनंती नाकारता येते. म्हणून तर ती करायला लावतात.

मी तो कागद फाडला. पहिला अर्ज त्यांच्यापुढे सरकवला. "उद्यापासून दोन दिवस मी नाही, साहेब."

"मग नंतरही येऊ नका."

बाहेर एक हमाल मागोमाग आला. "ताई, माफी मागा. अशी नोकरी लवकर न्हाई घावायची."

"माहितीये, भाऊ."

दुसऱ्या दिवशी मी ठकूमावशीच्या खाचरात दगड वाहत होते. नोकरी गेली. आता मंचरला आहे, पगार कमी. तिथल्या मालकांना पहिल्याच दिवशी सांगितलं, पडकईचे दिवस गावाला दिलेले आहेत. ते आले की मी कळवीन. विनवणार नाही. ठेवायचं तर ठेवा.