चढावरचा क्लच

"खोललीच हाय तं..." एवढं म्हणून तो थांबायचा आणि हातातलं फडकं खांद्यावर टाकायचा. वाक्य पुरं करायची त्याला गरज वाटत नसे. आता आणखी काय काय बदलावं लागणार, या विचारानं उतरलेला गिऱ्हाइकाचा चेहराच ते पुरं करी. डॉक्टर एक्स-रे उजेडाला धरून नुसतं 'हं' म्हणतात ना, त्यातलाच हा प्रकार.

लोहाऱ्याला, एमआयडीसीच्या रस्त्यावर, पत्र्याच्या शेडमध्ये त्याचं गॅरेज होतं. सगळे त्याला मिस्त्री म्हणत, मीही म्हणायचो. मी कॉलेजात शिकवतो म्हणून तो मला सर म्हणायचा. त्यात आदर किती आणि सवय किती, हे मी कधी तपासलं नाही.

गरीब, नम्र कारागीर अशी काही तुमची कल्पना होत असेल तर ती सोडून द्या. दुसऱ्यानं हात लावलेली गाडी आली की हा बॉनेट उघडून शेजारच्या शेडपर्यंत जाईल अशा आवाजात विचारायचा, "कोन्या गाढवानं बांधली होती बे हे?" शेजारच्या शेडमध्येही एक मिस्त्रीच होता. तो खाली मान घालून पाना फिरवत राहायचा. गाढव बहुतेक वेळा तोच असायचा.

मिस्त्रीचा एक नियम होता. ज्यानं खोलली त्यानंच बांधायची. आपण उघडलेल्या गाडीला दुसऱ्याचा हात त्याला चालत नसे. त्यापायी लोकांच्या गाड्या आठवडेच्या आठवडे पडून राहायच्या, पण नियम मोडायचा नाही.

एकदा निवडणुकीच्या हंगामात एका पुढाऱ्याची पांढरी गाडी तेल गाळत आली. मागच्या दोन गाड्यांत हार, फटाके आणि घोषणा देणारी माणसं. एक पंटर उतरून म्हणाला, "साहेबांची रॅली आहे. काहीतरी टाकून गळती बंद कर."

मिस्त्रीनं गाडीखाली डोकं घातलं, बाहेर काढलं. "गिअरबॉक्स उतरवा लागते. साहेबाले म्हना, आंधी तुमी उतरा."

साहेब उतरले. बसायला त्यांना जुन्या बॅटरीचं खोकं मिळालं. शेवटी ते ऑटोनं रॅलीला गेले आणि दुसऱ्या दिवशी पेपरात त्यांच्या साधेपणाचा फोटो आला.

क्लचचं काम झालं की मिस्त्री गाडी स्वतः चालवत कळंबपर्यंत न्यायचा आणि परत आणायचा. त्याशिवाय किल्ली देत नसे. लोकांना वाटायचं, तिथल्या देवळातल्या चिंतामणी गणपतीवर याची मोठी श्रद्धा. कुणी नारळ द्यायचं, कुणी दूर्वा. खरं तर त्याच्या शेडच्या निळ्या भिंतीवर बुद्धाची तसबीर होती आणि त्याला पाहिजे होता तो वाटेवरचा एक चढ. नवा क्लच घसरतो की धरतो, ते त्या चढावर कळायचं. दिलेला नारळ मात्र तो इमानानं देवळाच्या दारातल्या फुलवालीकडे पोचता करायचा. "नारय पोचला, चढावर गाडी बी धरली," परत येऊन सांगायचा. "तुमचं तुमचं झालं, माहं माहं झालं."

माझी जुनी गाडी तेल गाळायला लागली तेव्हा त्यानं तिच्याखाली पुठ्ठा सरकवला. सकाळी त्यावर पडलेला डाग पाहून म्हणाला, "इंजन अन् गिअरबॉक्सच्या मधातलं सील गेलं. गिअरबॉक्स उतरला का क्लच समोरच येते, सर. अन् खोललीच हाय तं..."

माझ्या चेहऱ्यानं वाक्य पुरं केलं. क्लच बदलायचा ठरलं.

गिअरबॉक्स उतरला, नवं सील बसलं. क्लचची प्लेट नागपूरहून यायची होती. तिची चौकशी करायला गेलो तेव्हा मिस्त्री डाव्या पायात प्लास्टिकची पिशवी बांधून वर गमबूट चढवत होता. मी विचारलं, तर म्हणाला, "काई नाई, चटका हाय."

शेडच्या मागेच त्याचं घर होतं. वहिनींनी मला तिकडे बोलावलं. "काई नाई कायले म्हन्ते? सायलेन्सरवर पाय टेकला त्याईचा. कातडं भाजलं, वास मले आला, त्याईले पत्ता नाई. शुगरनं पाय मेला त्याईचा. डॉक्टर म्हन्ते भरती व्हा, नाई तं पाय जाईन. सर, तुमी तरी सांगा."

मी सांगितलं. माझी गाडी राहू दे, आधी भरती हो. किंवा शेजारचा बांधेल.

शेजाऱ्याचं नाव काढलं आणि तो खवळला. "मी खोललेली गाडी तो बांधीन? प्लेट आली का दोन घंट्याचं काम हाय. चढावर पाह्यतो, अन् जातो मंग भरती."

"पाय गेला तर?"

"उजवा म्हन्ला असता डॉक्टरनं तं द्याचा इचार केला असता. हा क्लचचा पाय हाय, सर."

"उजव्यानं ब्रेक दाबतोस ना?"

"ब्रेक कोनी बी दाबते. क्लच सोडता आला पायजे."

पाय वाचवायचा होता तो चढासाठी, आणि चढासाठीच तो दवाखाना टाळत होता. हे त्याला दिसत नव्हतं असं नाही. माणसं असली गणितं रोज सोडवतात आणि चूक उत्तर व्यवस्थित अधोरेखित करतात.

प्लेट यायच्या आधी मिस्त्रीला ताप आला. वहिनींचा फोन आला म्हणून धावलो, तर आवार गाड्यांनी भरलेलं आणि चालणारी एक नाही. माझीही पोट उघडून जॅकवर. शेवटी शेजारच्या मिस्त्रीनं ऑटो आणला आणि त्याला पाठुंगळी घेऊन आत बसवलं. ग्लानीतही हा म्हणत होता, "हळू, बे गाढवा."

पाय गुडघ्याखालून काढला. डावा.

तो घरी परतला तेव्हा प्लेट येऊन पडली होती आणि माझी गाडी तशीच जॅकवर होती. वाचनालयातल्या न मागितलेल्या पुस्तकावर बसते तशी धूळ तिच्यावर बसली होती. कुबड्या टेकत तो तिच्यापाशी आला आणि त्याच बॅटरीच्या खोक्यावर बसला. मग शेजारच्या शेडकडे तोंड करून ओरडला, "ये बे. बांध."

शेजारी आला. हात साबणानं धुऊन आला, कारण प्लेटला तेलाचं बोट लागलेलं मिस्त्रीला चालत नाही हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. गाडीखाली पडून तो विचारत राहिला, "हे असं?" आणि हा वरून सांगत राहिला, "असं." त्या दिवशी त्यानं गाढव हा शब्द एकदाही वापरला नाही. शेजाऱ्याला ते फार लागलं असावं. जाताना तो डोळे पुसत होता.

पुढच्या उन्हाळ्यात मिस्त्री गेला. त्याची शेड आता फ्लेक्स छापणाऱ्यानं घेतली आहे. दारात पुढाऱ्यांचे ओले चेहरे वाळत असतात. मिस्त्रीच्या जाण्याचा फ्लेक्स काही कुणी लावला नाही. शेजारचा मिस्त्री मात्र हल्ली उतरवलेला गिअरबॉक्स पाहून थांबतो आणि फडकं खांद्यावर टाकतो. वाक्य त्याला जमत नाही.

गाडी बांधून झाली त्या दुपारी मिस्त्रीनं किल्ली मला दिली नव्हती. "चढ राह्यला," म्हणाला. मी चालवायला बसलो, तो कुबड्या मागे टाकून माझ्या डाव्या बाजूला. गाव संपेपर्यंत तो खिडकीबाहेर पाहत होता.

चढ आला. "इथंच थांबवा," म्हणाला. मी हँडब्रेक ओढला. मागून एक ट्रक हॉर्न वाजवत निघून गेला.

"आता दाबा. पयला टाका."

मी क्लच दाबला आणि शेजारी काहीतरी हललं. त्याची डावी मांडी पुढे ताणली गेली होती. पँटची दुमडून पिनेनं लावलेली घडी उचलली गेली होती आणि तिथंच थांबली होती.

"आता सोडा. हळूऽऽ."

मी हँडब्रेक खाली केला आणि क्लच सोडला. गाडीनं एक हिसका दिला आणि चढ धरला. नवा क्लच घसरला नाही. मी त्याच्याकडे पाहिलं. त्याची नजर रस्त्यावर होती आणि पँटची ती घडी अजून हवेतच होती, फार सावकाश, तसू तसू खाली येत होती. गाडी वर पोचत आली तेव्हा ती सीटला टेकली.

"लवकर सोडला तुमी," तो म्हणाला.