झोयाला नवरा कुणी दिला?

“हा प्योत्र कोण?” आन्यानं विचारलं.

ती सकाळच्या ट्रेननं ग्लासगोहून आली होती, तिच्या आजीच्या बहिणीचा, म्हणजे झोया पेत्रोव्नाचा, जुना टाइपरायटर घेऊन. झोया ही सोव्हिएत काळातली विज्ञानकथा-लेखिका. तिच्यावर लंडनच्या ईलिंगमध्ये आम्ही छोटं प्रदर्शन लावलं होतं. त्याच संध्याकाळी उद्घाटन. मी पॅनेल्सचं काम बघते. पॅनेल म्हणजे भिंतीवरचा मोठा छापील फलक. उभ्यानं वाचायचं पत्रक म्हणा. पत्रकं मी बरीच लिहिली आहेत.

पॅनेलवर छापलं होतं : ‘पती प्योत्र यांच्या भक्कम पाठिंब्यामुळे झोया लिहू शकल्या.’

“तिनं लग्नच केलं नाही,” आन्या म्हणाली. “प्योत्र तिचे वडील. ती लहान असतानाच वारले.”

ही माहिती मालतीकाकूंनी गोळा केली होती. जवळच पिनरला राहणाऱ्या रिटायर्ड डॉक्टर, आमच्या व्हॉलंटियर, रशियन पुस्तकांची मराठी भाषांतरं वाचत वाढलेल्या. त्या तिथेच होत्या; मी त्यांना विचारलं.

“अगं, पेत्रोव्ना म्हणजे प्योत्रची. मधलं नाव बाईच्या नवऱ्याचंच असणार ना? मी नाही का मालती श्रीधर?”

“काकू, तिकडे वडिलांचं असतं. जन्मभर.”

“लग्नानंतरही? बरं आहे की!”

“आणि हा भक्कम पाठिंबा कुठून आणलात?”

“नवरा म्हटल्यावर थोडाफार असेलच, असं वाटलं.”

“श्रीधरकाकांनी दिला होता?”

“छे गं, कधी चहासुद्धा केला नाही.”

प्रूफ ऑफिसात सगळ्यांनी वाचलं होतं. एकालाही ते वाक्य खटकलं नाही. नवऱ्याला श्रेय दिलेलं कुणाला खटकतच नाही!

आन्यानं टाइपरायटर उचलला. “हे असंच राहणार असेल, तर मी निघते.”

आमची मॅनेजर हेलन धावत आली. “एकच ओळ तर आहे! लोकांना सपोर्टिव्ह हजबंड आवडतो. पुढच्या आठवड्यात बदलू.”

माझं डोकं फिरलं. झोया दिवसभर रेडिओच्या कारखान्यात इंजिनिअर. घरी आल्यावर चार कुटुंबांच्या सामायिक स्वयंपाकघरात, शेजाऱ्यांची पातेली सरकवून टाइप करत बसायची. तिच्या कादंबरीत शनीजवळ यानाचा पंप बिघडतो आणि कॅप्टन बाई बाह्या सरसावून तो उघडते. संपादक म्हणाला, कॅप्टन पुरुष करा, लगेच छापतो. झोयानं ऐकलं नाही. पुस्तक कित्येक वर्षं पडून राहिलं. शेवटी छापलं गेलं, कॅप्टन बाईच!

“हेलन, जिनं आपल्या कॅप्टनचा पुरुष होऊ दिला नाही, तिला आपण फुकटात नवरा चिकटवतोय. मी पॅनेल उतरवतेय.”

“भिंत रिकामी दिसेल.”

“दिसू दे.”

उतरवलं. मोठा कागद लावला आणि मार्करनं जाड अक्षरात लिहायला घेतलं : ‘झोयाला कुणाचाही पाठिंबा नव्हता. ती एकटी—’

“थांब,” आन्या म्हणाली. “हेही खोटं आहे. झोया लिहायची तेव्हा तिचं धुणं माझी आजी धुवायची, रेशनच्या रांगेत आजीच उभी राहायची. तिचं नाव कुठेच छापलेलं नाही.”

मी कागद फाडला. दुसऱ्यावर आजीचं नाव लिहिलं : लिडिया. पुढे धुणं आणि रांग. आन्यानं टाइपरायटर खाली ठेवला.

तेव्हापासून कुणाच्या यशामागे कोण होतं हे लिहायची वेळ आली, की मी आधी एवढंच विचारते : धुणं कोण धूत होतं?